सिग्नल आला की विकाल हो, पण परत घ्यायला हात उठेल का?

पत्र थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत) : सांगलीतले एक शिक्षक. वय ५०, रिटायर व्हायला आठ वर्षं, नोकरीला २००५ च्या आधी लागलेत म्हणून जुनी पेन्शन आहे. मुलगी अकरावीत. एकूण जमा साधारण ४० लाख. त्यात म्युच्युअल फंड २१, बँकेत एफडी ८, एका पतसंस्थेत ठेव ४, सोनं ७ (पैकी ३ गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं विकता येणारं कागदी सोनं, बाकी नाणी, वळी, दागिने). फंडात दरमहा १५,००० ची एसआयपी (ठरावीक हप्ता) चालू. मार्च २०२० ला घाबरून निम्मे फंड विकले आणि डिसेंबरात बरेच वरच्या भावाला परत घेतले, ते अजून डोक्यातून जात नाही. आता पुण्याच्या भाच्याने एक एक्सेल करून दिलीय. महिनाअखेरीला निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) मागच्या १० महिन्यांच्या सरासरीच्या वर असेल तर इक्विटीत म्हणजे शेअरच्या फंडांत राहायचं, खाली असेल तर सगळं लिक्विड फंडात (थोड्या मुदतीचं व्याज देणारा, फारसा न हलणारा फंड), सोन्याला तोच नियम, सरकारी रोख्यांच्या गिल्ट फंडालाही तोच. २००५ पासूनच्या आकड्यांत सिस्टिम पुढे दिसते आणि पडझड खूप कमी. बायको म्हणते हे सगळं राहू द्या, एफडी करा नि सोनं घ्या. शिवाय एक टेलिग्राम चॅनेलवाला महिना पैसे घेऊन असेच सिग्नल देतोय. सरांचा प्रश्न : "सगळे पैसे या सिस्टिमवर टाकू का? निदान माझ्या भावना तरी मधे येणार नाहीत."

सर, आधी भाच्याचं कौतुक करा. पोरानं पन्नास इंडिकेटरचा पसारा न मांडता एकच साधा नियम घेतलाय आणि महिन्यातून एकदाच बघायचा ठेवलाय. नियमही काही हवेतला नाही. अमेरिकेत मेबेन फेबर नावाच्या फंड मॅनेजरने २००७ मध्ये याच १० महिन्यांच्या सरासरीवर पेपर लिहिला होता, शेअर, बॉन्ड, कमोडिटी सगळ्यांना एकच नियम लावून, आणि त्याचाही भर जास्त कमाईपेक्षा मोठ्या पडझडीतून वाचण्यावर होता. त्यामुळे सिस्टिमला मी नावं ठेवणार नाही. मी अडले ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी, की भावना मधे येणार नाहीत. तिथं जरा थांबूया.

निफ्टीचे महिनाअखेरचे बंद भाव समोर घेऊन भाच्याचाच नियम मी हाताने लावून बघितला. आधी २००८. मार्च २००८ अखेर निफ्टी ४,७३५ आणि सरासरी ५,१२० च्या आसपास, म्हणजे बाहेर पडा. त्यानंतर ऑक्टोबरात निफ्टी २,३०० च्याही खाली जाऊन आला, तेव्हा तुम्ही आरामात लिक्विड फंडात बसलेले. नियम तुम्हाला परत आत घालतो एप्रिल २००९ अखेर, ३,४७४ ला. ४,७३५ ला विकून ३,४७४ ला परत म्हणजे तेवढ्याच पैशात फंडाचे ३६ टक्के जास्त युनिट (हिस्से). झकास काम, यात वादच नाही.

आता १० च्या जागी १२ महिन्यांची सरासरी घ्या. एप्रिल २००९ अखेर ती ३,५२१ येते, निफ्टी ३,४७४, म्हणजे जेमतेम ४७ अंकांनी खाली, म्हणून नियम म्हणतो अजून थांबा. आणि १८ मे २००९ ला, लोकसभेच्या निकालानंतरच्या सोमवारी, बाजार उघडला की अप्पर सर्किट (भाव ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला की व्यवहार थांबतात), एका दिवसात १७ टक्क्यांच्या वर. १२ महिनेवाला आत येतो मे अखेर, ४,४४९ ला. दोघांनी पाळलेला नियम एकाच जातीचा, दोघंही तितकेच शिस्तीचे, आणि खरेदीच्या भावात फरक २८ टक्क्यांचा! तेव्हा भाच्याला एवढंच विचारा की १० हा आकडा तू कुठून आणलास. सहा, आठ, बारा सगळे घालून बघितले आणि त्यातला सगळ्यात देखणा ठेवला असेल तर ती मागे वळून काढलेली कुंडली झाली. त्याला म्हणावं ८ पासून १४ पर्यंत सगळे आकडे टाक, निकाल थोडाफार इकडेतिकडे झाला तर ठीक, पण उड्या मारत असेल तर आपण नशिबाला सिस्टिम म्हणतोय. आणि एकदा २००८-०९ झाकून उरलेली वर्षं दाखव म्हणावं. मला वाटतं, पडझड कमी दिसण्यातला मोठा वाटा त्या एकाच घसरणीचा निघेल.

एक्सेलमध्ये अजून दोन-तीन गोष्टी बघून घ्या. निफ्टीचा नुसता भाव घेतलाय का डिव्हिडंड (कंपन्यांनी वाटलेला लाभांश) धरलेला टोटल रिटर्न निर्देशांक घेतलाय, कारण नुसता भाव घेतला तर जो शांत धरून बसलाय त्याचा डिव्हिडंड खाऊन टाकला जातो आणि सिस्टिम उगाच पुढे दिसते. दुसरं, सिग्नल बाजार बंद झाल्यावर कळतो, साडेतीनला, आणि म्युच्युअल फंडाची त्या दिवसाच्या भावाची वेळ तीनला संपते. म्हणजे तुम्हाला मिळणार दुसऱ्या दिवसाचा भाव, त्यात तुम्ही वर्गात, फोन स्टाफरूममध्ये. एक्सेलने मात्र महिनाअखेरच्याच भावाला सगळं उरकलेलं असतं.

आता २०१९-२०, जिथं तुमचं दुखणं आहे. जुलै २०१९ अखेर निफ्टी ११,११८ आणि सरासरी ११,१९५, म्हणजे बाहेर. ऑगस्टात महापुराने आपल्याकडे काय झालं ते सांगायला नकोच, तेव्हा सांगलीत कुणाला निफ्टी आठवत असेल! २० सप्टेंबरला अर्थमंत्र्यांनी कंपन्यांचा कर कमी केला, निफ्टी एका दिवसात ५ टक्क्यांच्या वर उडाला आणि महिनाअखेर नियम म्हणाला आत या, ११,४७४ ला. विकलं ११,११८ ला, घेतलं ११,४७४ ला, ३ टक्के युनिट गेले. याला बाजारात व्हिपसॉ म्हणतात, आणि वर्षात असे तीन झाले तर जवळपास नऊ टक्के युनिट जातात, बाजार पडलेला नसतानाही. पुढे फेब्रुवारी २०२० अखेर ११,२०२ ला परत बाहेर, म्हणजे मार्चमधला तो ७,६१० चा दिवस तुम्हाला अंगावर घ्यावाच लागला नसता. आणि जुलै २०२० अखेर ११,०७३ ला परत आत.

आता हिशेब करा. जो माणूस काहीही न करता बसून राहिला तो जुलै २०१९ ला ११,११८ वर होता आणि जुलै २०२० ला ११,०७३ वर. सिस्टिमवाला चार व्यवहार करून, मधल्या सात महिन्यांचं लिक्विड फंडाचं व्याज धरून, जवळपास तिथंच. म्हणजे सिस्टिमने त्या वर्षात पैसे दिले नाहीत, झोप दिली. झोपेला किंमत आहे सर, मी ते हलकं घेत नाही, पण एक्सेलमध्ये तो कॉलम नाही आणि तुम्ही विकत नेमकं काय घेताय ते माहीत असावं.

आणि आता खरी गोष्ट. ३१ जुलै २०२० आठवा. कोरोना वाढत चाललेला, शाळा बंद, तुम्ही मोबाईलवर तास घेताय, पेपरमध्ये दुसरं काही नाही. त्या दिवशी एक्सेल म्हणतेय, २१ लाख उचला आणि परत शेअरमध्ये घाला. तुम्ही घातले असते? डिसेंबरपर्यंत तुमचा हात उठला नाही हे तुम्हीच लिहिलंय. नियमाचा सोपा अर्धा भाग विकण्याचा असतो कारण तेव्हा भीती आणि नियम एकाच बाजूला ओढतात. परत घ्यायच्या दिवशी भीती एका बाजूला आणि एक्सेलची एक हिरवी चौकट दुसऱ्या बाजूला, आणि घरात वहिनी म्हणणार की आत्ताच वाचलोय तर परत कशाला. बरं, त्या दिवशी एक्सेलचं निमूट ऐकेल असा माणूस 'काही करायचं नाही' हा नियमही पाळू शकला असता, आणि ज्याला तो पाळता येत नाही तो हाही मधेच सोडेल, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या व्हिपसॉनंतर. भावना जात नाहीत हो, फक्त त्यांचा वार बदलतो.

नियम म्हणजे काय ते खरं तर कृष्णाकाठच्या माणसाला शिकवायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सूर्यवंशी प्लॉट नाहीतर दत्तनगरातला माणूस ४० च्या आतच फ्रीज, गाद्या, तांदळाची पोती वर चढवायला लागतो, कधी पाणी ४१ वरनं उतरतं आणि सगळं परत खाली आणावं लागतं, हमालीचे पैसे जातात, पण म्हणून पुढच्या वर्षी तो नियम सोडत नाही कारण २०१९ ला ते ५७ च्या वर गेलेलं त्यानं बघितलंय. इथपर्यंत तुमची सिस्टिम अगदी अशीच. पुढं मात्र नाही. कोयना धरणातनं किती विसर्ग सुटला, वर पाऊस किती झाला हे आकडे हातात असतात आणि ते पाणी यायला वेळ लागतो, म्हणून आयर्विनचा आकडा पुढचं काहीतरी खरंच सांगतो. निफ्टीच्या वरच्या अंगाला असं धरण नाही. सरासरी फक्त काल काय झालं ते सांगते आणि कल टिकेल अशी आशा करते, कधी टिकतो कधी नाही.

आता हमालीचा हिशेब, म्हणजे टॅक्स. जुलै २०२४ च्या बजेटपासून इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर फायद्यावर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के आणि तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या फायद्यावर. समजा १० लाखांचे सात महिन्यांत ११ झाले आणि सिग्नल आला. विकलं की एक लाखावर २० टक्के नि वर सेस, २०,८०० गेले. तेच वर्ष उलटून विकलं असतं तर शून्य, कारण सव्वा लाखाच्या आत. बऱ्याच फंडांना वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का एक्झिट लोड (लवकर काढल्याची कपात) असतो तो वेगळाच. आणि तुमच्या २१ लाखांत समजा ११ लाख फायदा आहे, तर सगळं एकदम सिस्टिमवर नेण्यासाठी विकलंत तर पहिल्याच दिवशी १ लाख २६ हजारांच्या पुढे टॅक्स (जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या युनिटना तेव्हाचा भाव धरायची सवलत आहे, थोडं कमी होईल, सीएला विचारा). भाच्याच्या एक्सेलमध्ये हा कॉलम आहे का? नसणार, मी पैज लावते.

गिल्ट फंडाचं लवकर उरकते. तुमच्याकडे तो आत्ता नाहीच, मग नियम लावण्यासाठी नवीन वस्तू घरात कशाला आणायची. एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा फायदा कितीही वर्षं ठेवलात तरी तुमच्या स्लॅबनेच टॅक्सला जातो, त्यात सारखं आतबाहेर केलं की दरवेळी टॅक्स भरून व्याज वाटत बसायचं. शिवाय तुमची पेन्शन हाच मोठा बॉन्ड आहे. रिटायर झाल्यावर महिन्याच्या किराण्यासाठी तुम्हाला फंड विकावे लागणार नाहीत, आणि ज्याला विकावं लागत नाही त्याला मार्च २०२० सारखी घसरण दिसते, पण त्याच्या ताटातलं काही जात नाही. पेन्शन नसलेल्या वाचकांनी हे वाक्य आपल्याला लावून घेऊ नये. त्यांनी रिटायर व्हायच्या आधीच दोन-तीन वर्षांचा खर्च एफडीसारख्या जागी बाजूला काढावा, कुठल्याही सिग्नलची वाट न बघता.

सोन्यावर जरा बोलू, कारण आपल्या जिल्ह्यात सोन्यावर सगळ्यांचंच मत असतं आणि विट्या-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी तर अख्ख्या देशाचं सोनं गाळलंय. २०११ ला सोनं औंसाला १,९०० डॉलरच्या वर गेलं, २०१५ अखेर १,०५० च्या आसपास आलं आणि जुनं शिखर ओलांडलं ते २०२० ला. नऊ वर्षं! वहिनींना हे सांगा, पण हळू सांगा. आपल्याकडे तेव्हा रुपया घसरला म्हणून एवढी झळ बसली नाही. मग सोन्याला हा सरासरीचा नियम उपयोगी नाही का, तर लांबलचक उतार असेल तेव्हा आहे. पण आपला सोन्याचा भाव डॉलर, रुपया आणि दिल्लीची कस्टम ड्यूटी असा तिघांचा मिळून होतो. २३ जुलै २०२४ ला ड्यूटी १५ वरून ६ टक्के केली आणि जगात काही झालं नसताना आपल्याकडे भाव एकदम खाली आला. असल्या उडीला सरासरी काय करणार. आणि मुद्दा असा की तुमच्या सात लाखांतले विकता येण्यासारखे तीनच लाख. बांगड्या सिस्टिममध्ये धरू नका, सिग्नल आला म्हणून वहिनी त्या काढून देणार नाहीत आणि देऊही नयेत. तीन लाखांवर नियमाने वर्षाला ३ टक्के जास्त दिले असं अगदी मानलं तरी ९,००० होतात, त्यातून टॅक्स, कारण गोल्ड ईटीएफ वर्षाच्या आत विकला तर स्लॅब लागतो आणि नंतर १२.५ टक्के, इथं सव्वा लाखाची सूट नाही. तेवढ्यासाठी दर महिनाअखेर घरात वाद घालायचा असेल तर तुमची मर्जी.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. मुलीच्या शिक्षणाला दोन वर्षांत पैसे लागणार, ते आठ लाख एफडीत आहेत तिथंच राहू द्यायचे, त्यांच्यावर कुठलाच नियम नाही. फंडातले २१ लाख विकायचे नाहीत. त्याला वर्षातून एक दिवस ठरवायचा, समजा गुढीपाडवा, आणि त्या दिवशी इक्विटी, सोनं, ठेवी यांचं प्रमाण बघायचं. जे घरात बसून ठरवलंय त्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हललं असेल तर पुढच्या वर्षाची एसआयपी कमी पडलेल्या बाजूला वळवायची, म्हणजे विकायला नको नि टॅक्सही नको. खूपच हललं असेल तेव्हाच विकायचं, तेही सव्वा लाखाच्या सवलतीत बसेल तेवढंच. हाही नियमच आहे की, फक्त तो बाजार कुठं जाणार हे विचारत नाही.

आणि सिस्टिमची हौस आहे ना, मग करा, पण नवीन पैशावर. १५,००० पैकी ५,००० वेगळ्या फोलिओत (फंडाच्या खात्यात), एका साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतलेच शेअर घेणाऱ्या फंडात, आणि तिथं भाच्याचा नियम अगदी तंतोतंत. सुरू करायच्या आधी तो वहीत लिहा, महिन्याचा शेवटचा ट्रेडिंगचा दिवस, मधे बघायचं नाही, सिग्नल आला की दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत ऑर्डर, बातमी काहीही असो, आणि खाली तुमची नि वहिनींची सही. दर वेळी तारीख, भाव, टॅक्स, लोड आणि त्या दिवशी मनात काय आलं तेही लिहा, हा शेवटचा कॉलम सगळ्यात कामाचा. मुलगी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाईपर्यंत चालवा. तोवर एखादा व्हिपसॉ नक्की येईल आणि बहुतेक एखादी घसरणही. ऑर्डर टाकायची एकदा जरी टाळलीत, 'या वेळी जरा बघू' म्हणालात, की २१ लाखांचं उत्तर तुम्हाला मिळालं, ते मला पत्र लिहून विचारायची गरज नाही. आणि एकदाही टाळली नाही तर मग भाच्याबरोबर बसून रक्कम वाढवायचं बघा.

टेलिग्रामवाल्याला पैसे देऊ नका. जो नियम भाच्याच्या एक्सेलमध्ये फुकट आहे, महिन्यातून पाच मिनिटांचा, त्याला वर्गणी कशाची? ज्या वाचकांना तरी सल्लागार हवाच आहे त्यांनी सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) वेबसाईटवर नोंदणी नंबर टाकून बघावा. रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचा आयएनए ने. नाव जुळतंय का बघा, आणि 'महिना इतके टक्के पक्के' असं म्हणाला किंवा पैसे माझ्या खात्यात टाका म्हणाला की फोन ठेवा.

जाता जाता, जे तुम्ही विचारलंच नाही ते. पतसंस्थेतले ते चार लाख. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत, व्याज धरून, डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा) विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, मग व्याज एखाद-दोन टक्के जास्त का असेना, ओळखीचे संचालक का असेनात. तुमची आठ लाखांची एफडीही एकाच बँकेत असेल तर पाचाच्या वरचं दुसरीकडे हलवा किंवा वहिनींच्या नावाने करा. पतसंस्थेची पावती कपाटातून काढा, मुदत कधी संपते बघा आणि त्या तारखेला रिन्यूचा फॉर्म न भरता पैसे बँकेत आणा. याला दहा महिन्यांची सरासरी लागत नाही.